पटाशी हातात दिली की मुलाखत सुरू होते

वाद्यं घडवणाऱ्या कार्यशाळेत मुलाखतीला गेलं की खुर्चीवरचं बोलणं लवकर आटोपतं. नाव, कुठे शिकलात, आधी काय काम केलंत, एवढं झालं की समोरचा माणूस उठतो, कामाच्या टेबलाशी घेऊन जातो आणि एखादी बोथट पटाशी पुढे करतो. "हिला जरा धार लावा." मग तो बाजूला होतो, दुसऱ्याच कशात तरी गुंतल्यासारखा दिसतो, पण त्याचा कान तुमच्या दगडाकडे असतो. पटाशीचा कोन स्थिर असेल तर दगडावरून येणारा आवाज एकसारखा राहतो. कोन हलला की आवाजही हलतो. या कामात आयुष्य घातलेल्या माणसाला वळून बघावं लागत नाही.

मी तंतुवाद्यांचं काम करते. सुरुवात दुरुस्तीपासून झाली, मग गिटार आणि तानपुरे आले. मुलाखती दिल्या, आणि आता अधूनमधून घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. चांगल्या हाताची माणसं इथे मागे पडतात ती बहुधा हात कमी पडला म्हणून नाही. आपण जे करतो ते त्याच क्रमानं का करतो, हे त्यांना सांगता येत नाही. हाताला कळलेलं असतं, पण ते तोंडापर्यंत आलेलं नसतं. तयारी करायची ती याची.

आधी नोकरी नेमकी कसली आहे ते नीट बघावं. जाहिरातीत 'वाद्यकार पाहिजे' एवढंच लिहिलेलं असलं तरी त्यामागे अगदी वेगवेगळी कामं असतात. मोठ्या कारखान्यात एक माणूस दिवसभर फक्त गिटारची मान घासतो, दुसरा फक्त पॉलिश करतो, तिसरा तयार वाद्याला तारा चढवून शेवटची जुळवणी करतो. छोट्या कार्यशाळेत हे सगळं एकालाच करावं लागतं, शिवाय गिऱ्हाईकाशी बोलायचं आणि संध्याकाळी झाडू मारायचा. दुरुस्तीच्या टेबलावर प्रत्येक वाद्य दुसऱ्या कुणीतरी घडवलेलं असतं आणि त्या माणसाची पद्धत समजून घेतल्याशिवाय हात लावता येत नाही. संग्रहालयात तर कधीकधी वाद्य वाजेल असं न करणं हेच काम असतं, कारण वाजतं करायच्या नादात तीनशे वर्षांपूर्वीचं रंध्याचं काम पुसलं जाऊ शकतं.

दुरुस्तीची आणि देखभालीची नोकरी पुष्कळांना दुय्यम वाटते. मला हे मनापासून खटकतं. पियानो शोधून काढणारा इटालियन वाद्यकार बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी 1688 साली फ्लॉरेन्सच्या मेदिची या सत्ताधारी घराण्याच्या दरबारात नोकरीला लागला. तिथल्या वाद्यांची निगा राखणं आणि त्यांची दुरुस्ती करणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग होता. त्याच दरबाराच्या 1700 सालच्या वाद्यांच्या यादीत त्यानं केलेल्या एका नव्या वाद्याची नोंद सापडते, ज्यात तार छेडली जात नाही, हातोडीनं वाजते. तोच पहिला पियानो. इतरांची वाद्यं रोज उघडून बघणाऱ्या माणसालाच त्यांच्यात काय कमी आहे ते इतकं नेमकं कळलं असणार. तेव्हा दुरुस्तीच्या जागेसाठी जाताना 'सध्या हे, पुढे खरं काम करीन' असा सूर बोलण्यात येऊ देऊ नये. समोरच्याला तो ताबडतोब ऐकू येतो.

जिथे जायचं त्यांचं एखादं वाद्य आधी हातात घेऊन बघावं. वाजवावंच, पण आतही बघावं. छोटा आरसा आणि बारीक दिवा गिटारच्या गोल छिद्रातून आत घातला की त्या कार्यशाळेचा स्वभाव दिसतो. बाहेरून सगळेच चकाकतात. आत सरसाचे ओघळ पुसले आहेत का, आधारपट्ट्यांची टोकं हळुवार उतरवली आहेत की नुसती छाटली आहेत, पट्टी कडेला जिथे मिळते तिथे फट राहिली आहे का, हे सगळं तिथे वाचता येतं. मुलाखतीत "तुमच्या वाद्याच्या पट्ट्या टोकाला फार पातळ केलेल्या दिसल्या, तो खर्जासाठी का?" असा एक प्रश्न तुम्ही विचारलात तर पुढचं बोलणं दोन कारागिरांचं होतं.

स्वतःचं काम दाखवायला नेताना लोक सगळ्यात देखणं वाद्य नेतात, किंवा त्याचे सुंदर फोटो. न्यावेतच. पण मला स्वतःला अर्धवट कामाचे तुकडे बघायला जास्त आवडतात. पॉलिश न चढवलेला एखादा सांधा, नुसती घासलेली मान, तारांना आधार देणारी एक घोडी. पॉलिशखाली पुष्कळ काही झाकलं जातं. फोटो काढायचे तर दिवा बाजूनं, अगदी खालच्या कोनातून ठेवून काढावेत, म्हणजे घासकागदाचा प्रत्येक ओरखडा दिसतो. ओरखडे दिसणारे फोटो घेऊन येणाऱ्या माणसाला आपल्या कामाची खात्री असते. आणि एकच वस्तू दोनदा केलेली न्यावी. दोन सारख्या घोड्या, दोन सारखे सांधे. एकदा सुंदर होणं आणि पुन्हा तसंच होणं यात फार अंतर आहे, आणि पगार त्या दुसऱ्या गोष्टीचा मिळतो.

आता सांध्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कामाची चाचणी घेतात तेव्हा बहुतेक हाच करायला सांगतात.

गिटारची वरची पाटी एका अखंड फळीची नसते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा एक जाड तुकडा मधून चिरून, पुस्तक उघडावं तसे दोन भाग शेजारी ठेवून जोडतात, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा एकमेकींचं प्रतिबिंब होतात. जोडायच्या दोन कडा रंध्यानं सरळ करायच्या असतात. काम एवढंच. लाकूड एका फळीवर दाबून धरायचं, रंधा आडवा पाडून कडेवरून सरकवायचा. सुरुवातीला पुढच्या टोकावर भार, मध्ये सारखा, शेवटाला मागच्या टोकावर. भार चुकला की टोकं जास्त तासली जातात आणि कडेला मध्ये उंचवटा येतो. पातळ, अखंड, कडेच्या लांबीएवढी साल एका दमात निघाली की रंधा नीट चालतोय असं समजायचं. मग दोन्ही कडा एकमेकींवर टेकवून खिडकीसमोर धरायच्या. फटीतून उजेड आला तर पुन्हा रंधा.

परीक्षक इथे उजेड बघतोच, पण त्याहून जास्त बघतो ते उजेड दिसल्यावर तुम्ही काय करता. एक उमेदवार लगेच शिकंजा आवळायला घेतो, दाबलं की बसेल म्हणून. बसतंही. पण ताण देऊन बसवलेला सांधा तो ताण विसरत नाही. पुढे एखाद्या कोरड्या ऋतूत तो उकलतो. दुसरा उमेदवार उजेड मध्ये आहे की टोकाला, हे आधी बघतो. मध्ये केसाएवढी फट असेल तर एकवेळ चालेल, टोकांना फट मुळीच नको. का? लाकूड टोकांकडून लवकर सुकतं, म्हणून सांधा उघडायला लागतो तो टोकापासून. हे वाक्य त्यानं उच्चारलं की माझ्या लेखी त्याची निम्मी मुलाखत झाली. तोच सांधा पहिल्यानंही कदाचित उत्तम केला असता, पण उद्या वेगळं लाकूड आलं, वेगळी हवा असली, तर तो काय करील याचा अंदाज मला येत नाही.

म्हणून घरी सराव करताना मी एक पद्धत धरली होती. हातानं जे करायचं ते मोठ्यानं बोलत करायचं. आत्ता रंधा मागे का घेतला, सरस आधी या बाजूला का लावला, इथे कानस सोडून पटाशी का उचलली. सुरुवातीला वाक्यं तुटक येतात. काही ठिकाणी कारण सापडतच नाही, 'गुरूंनी असं दाखवलं होतं' एवढंच हाती लागतं. त्या जागा वहीत लिहून ठेवायच्या आणि त्यांचं कारण शोधायचं. मुलाखतीची याहून उपयोगी तयारी मला माहीत नाही.

दुसरी आवडती चाचणी म्हणजे आजारी वाद्य समोर ठेवणं. "ही गिटार झरझरते. बघा." म्हणजे सुरासोबत नको ती खरखर ऐकू येते. बस, एवढंच सांगतात.

इथे उत्तरापेक्षा क्रम बोलतो. आधी वाद्याला हात न लावता विचारायचं: कोणत्या सुरावर झरझरते? मोकळी तार की दाबलेली? सगळ्या तारांवर की एकाच? कधीपासून? हवा बदलली तेव्हापासून का? मग स्वतः वाजवून तोच आवाज पुन्हा काढायचा. तो पुन्हा निघत नाही तोवर काहीही दुरुस्त करायचं नाही. निघाला की बाहेरच्या सैल गोष्टी आधी तपासायच्या. खुंट्यांच्या यंत्राची एखादी चकती ढिली असेल, घोडीपाशी तारेचं उरलेलं टोक पाटीला लागत असेल. एक हात वेगवेगळ्या जागी ठेवून दुसऱ्यानं वाजवलं की कुठे आवाज थांबतो ते कळतं. त्यानंतर मानेचा बाक. तार पहिल्या फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आणि मान पेटीला मिळते तिथे दाबली की मधल्या भागात, साधारण सातव्या फ्रेटपाशी, किती फट राहते ते बघायचं. मान अगदी सपाट किंवा उलटी वाकलेली असेल तर कारण तिथेच सापडू शकतं. मग फ्रेट, एखादा वर उचललेला आहे का. सगळ्यात शेवटी बोटाच्या पेरानं पाटीवर टकटक करत आतली सुटलेली पट्टी शोधायची. सुटलेल्या जागी आवाज पोकळ आणि किंचित खरखरीत येतो.

जो उमेदवार पहिल्या मिनिटाला कानस हातात घेतो, त्याला मी वाद्य देणार नाही. कारण साधं आहे, घासलेला धातू आणि काढलेलं लाकूड परत येत नाही. बाकीचं सगळं परत फिरवता येतं. चकती आवळली ती सैल करता येते, मान सरळ केली ती पुन्हा वाकवता येते. म्हणून परतीची वाट असलेले उपाय आधी आणि नसलेले शेवटी. जनावरांच्या कातडीपासून केलेला सरस तंतुवाद्यांच्या कामात अजून टिकून आहे तोही याच कारणानं. साधारण 60 अंश सेल्सियसला तो पातळ करून वापरतात, आणि पुढे कधी सांधा उघडायचा झाला तर ऊब आणि ओल देऊन तो सोडवता येतो. शंभर वर्षांनी हे वाद्य उघडणारा जो कोणी असेल, त्याची सोय आज करून ठेवायची. तुम्ही कोणता सरस वापरता, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. नुसतं नाव न सांगता कुठे कोणता आणि का, हे सांगावं. ताण सहन करणाऱ्या, कधीच उघडायच्या नसलेल्या जागी दुसरा पर्याय निवडत असाल तर तेही मोकळेपणानं सांगावं.

कानाची परीक्षा मात्र बहुतेकांना घाबरवते. तुम्ही मोठे वादक असायची गरज नाही. वाद्य स्वतः सुरात लावता यावं आणि त्यातून चार स्वच्छ स्वर काढता यावेत, एवढं पुरतं. त्यापुढे हवं असतं ते ऐकलेल्याला कारणाशी जोडणं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून आवाज खुलवणं, हे मला यासाठी सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं. घोडीचा माथा सपाट दिसतो पण किंचित उतरता, गोलसर असतो. तार त्याच्यावर अलगद लोळते आणि तारेखालचा सुती दोरा कणभर पुढेमागे केला की आवाज मिटतो किंवा खुलतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली या घोडीवर लिहिलं. मूळ स्वरासोबत त्याहून उंच उपस्वरही उमटतात. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू, म्हणजे तारेची न हलणारी जागा असते, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटायला नकोत. पण तानपुऱ्यात ते ठणठणीत उमटतात, कारण तार त्या वक्र माथ्याला स्पर्श करत कंप पावते. जवारी काढणारे कारागीर ही गोष्ट हातानं कधीपासूनच साधत आले होते. रामन यांनी तिचं कारण मांडलं. मुलाखतीत तुम्ही रामन व्हावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पण "इथे घासलं की आवाज बंद होतोय, कारण तार एकदम सुटतेय, लोळत नाहीये" एवढं म्हणता आलं तर ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस कानानं घासतोय.

ऐकीव गोष्टींपासून मात्र सावध राहावं. आपल्या क्षेत्रात त्यांचा सुकाळ आहे. जुनं लाकूड म्हणजे चांगला आवाज, अमुक वार्निशमध्ये गुपित आहे, तमुक झाडाशिवाय वाद्य होतच नाही. 2010 साली इंडियानापोलिसमध्ये 21 व्हायोलिनवादकांना गडद चष्मे घालून सहा व्हायोलिन वाजवायला दिली होती, तीन नवी आणि तीन जुनी इटालियन, त्यांत दोन स्त्रादिवारी या नावाजलेल्या जुन्या कारागिराची. पुष्कळांनी पसंती नव्याला दिली आणि जुनं कोणतं ते बहुतेकांना ओळखता आलं नाही. त्याहून जुनं उदाहरण अंतोनिओ दे तोर्रेस या स्पॅनिश गिटारकाराचं. गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या पाटीतून येतो असं तो मानायचा. 1862 साली त्यानं एक गिटार केली, जिची पाटी लाकडाची पण पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. मला तोर्रेसचा हा स्वभाव फार प्रिय आहे. मत होतं, तर त्यानं ते वाद्य करून तपासलं. तुमचंही एखादं मत असेल, छोटंसं का होईना, जे तुम्ही स्वतः दोन तुकडे करून, तारा लावून पारखलं असेल, तर ते मुलाखतीत जरूर सांगा. ऐकीव दहा गोष्टींपेक्षा ते वजनदार असतं.

लाकडाचे प्रश्न येतातच. पाटीसाठी लाकूड त्रिज्येच्या दिशेनं का चिरतात? कारण वलयांच्या दिशेनं ते सुकताना त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आक्रसतं, आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या पाटीला तेवढी हालचाल परवडत नाही. कामाच्या खोलीतली आर्द्रता किती ठेवता? साधारण 45 ते 50 टक्के, आणि मापक भिंतीवर टांगलेला असावा, अंदाजावर भागत नाही. गणितही थोडं विचारतात. 650 मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट कुठे येईल? तारेच्या लांबीला दोनाच्या बाराव्या मुळानं भागायचं आणि आलेली लांबी मूळ लांबीतून वजा करायची, की वरच्या टोकापासूनचं अंतर निघतं, 36.48 मिलिमीटर, पण आकडा पाठ असण्यापेक्षा तो कसा काढला हे सांगणं बरं.

आणि कायदा. हा भाग तरुण कारागीर हमखास सोडून देतात. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार 1992 पासून आंतरराष्ट्रीय करारानं जवळजवळ बंद आहे. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाच्या डालबर्जिया या गटातलं जवळपास सगळंच लाकूड परवान्याखाली आलं, आणि वाद्यांच्या पेट्या सीमेवर अडकायला लागल्या. 2019 च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना त्यातून सूट मिळाली, ब्राझीलचं शिसव सोडून. ज्या कार्यशाळेची वाद्यं परदेशी जातात, तिथे हे माहीत असलेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. त्यात भीतीपोटी कायदा पाळण्याचाच भाग नाही. ती झाडं खरोखर संपत चालली आहेत, आणि ती कुणामुळे संपली त्यात आपल्या धंद्याचाही वाटा आहे. दुसऱ्या कोणत्या लाकडावर काम करून पाहिलंत, हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. त्यावर उत्तर तयार असावं.

जायच्या आदल्या दिवशी नवीन काही शिकू नये. स्वतःची दोनतीन हत्यारं नेणार असाल तर त्यांना धार लावून, कापडात गुंडाळून ठेवावीत. परक्या टेबलावर आपली पटाशी हातात असली की हात लवकर स्थिरावतो. वेळेचा अंदाज विचारला तर धाडसानं कमी सांगू नये. सरस सुकायला जो वेळ लागतो तो लागतोच, आणि हे ज्याला माहीत आहे तो समोर बसलेला आहे.

शेवटी तुम्हाला विचारतात, "तुमचे काही प्रश्न?" तिथे मान हलवून उठू नका. धूळ ओढणारी यंत्रणा आहे का ते विचारा. शिसव आणि आबनूसच्या बारीक धुळीनं कातडीला आणि फुफ्फुसाला त्रास होतो, काही जणांना तर पुढे त्या लाकडाजवळ उभंही राहता येत नाही. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या कुठे टाकता, हेही विचारा, कारण त्या ढिगात आपोआप पेट घेतात. चाचणीचं काम किती दिवस आणि त्याचे पैसे मिळणार की नाही, हे संकोच न करता विचारा. काही ठिकाणी चाचणीच्या नावाखाली आठवडाभर फुकट घासून घेतात. आणि एक प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारत आले: परत आलेली वाद्यं कुठे ठेवता, मला बघता येतील का? काही ठिकाणी विषय बदलतात. काही ठिकाणी मालक स्वतः त्या फडताळापाशी नेतात, एकेक वाद्य खाली काढतात, कुठे सांधा उकलला, कुठे पाटी खचली आणि त्यानंतर कामात काय बदल केला ते सांगत बसतात. अशा जागी पगार थोडा कमी असला तरी मी होकार दिला आहे.